डॉक्टरांच्या कपाटात पणजोबा सापडतील का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचे पणजोबा राजापूरकडचे, मुंबईत मांडवीला धान्याच्या वखारीत कामाला. १८९७च्या सुरुवातीला ते ‘तापाने’ गेले, एवढंच घरात सांगत आले आहेत. पणजी दोन मुलांना घेऊन बोटीने गावी परतली, ती पुन्हा मुंबईला आलीच नाही. यांनी टाउन हॉलमध्ये जाऊन एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ‘प्लेग’ या शब्दाखाली काय आहे ते काढून पाहिलं. पाच-सहा जाडजूड इंग्रजी अहवाल निघाले. गाठी, उंदीर, कार्बोलिक आणि तक्ते. त्यांचं म्हणणं असं की हे सगळं विज्ञान आहे, मला माणसं हवी आहेत. मी चुकीच्या ग्रंथालयात आलोय का?

मी २३ वर्षं एका संशोधन ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काढली, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर लांबणार, त्याबद्दल आधीच माफी. छोटं उत्तर हवं असेल तर ते असं: ग्रंथालय बरोबर आहे, कपाटही बरोबर आहे, तुम्ही पुस्तक चुकीच्या टोकाकडून उघडलंत.

आधी कपाटाबद्दल. ड्यूईच्या वर्गीकरणात (पुस्तकांना विषयावरून आकडे देण्याची पद्धत) सार्वजनिक आरोग्य ६१४ला बसतं आणि भारताचा इतिहास ९५४ला. दोन्हींमध्ये कितीतरी फळ्या, कधी एक आख्खा मजला. प्लेगचा अहवाल ६१४ला लागला की इतिहासवाला तिकडे फिरकत नाही, आणि डॉक्टर मंडळी जुना अहवाल म्हणून त्याला हात लावत नाहीत. पण हा आकडा ग्रंथपालाने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेला असतो. १८९७ साली तो अहवाल लिहिणाऱ्याला आपण विज्ञान लिहितोय की इतिहास, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वरच्या साहेबाला हिशेब द्यायचा होता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगायचो: विषय बाजूला ठेवा, आणि हा कागद ज्याने लिहिला त्याला तो कशासाठी हवा होता, ते आधी विचारा.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक बाई आल्या होत्या. त्यांची आजी सुईण होती आणि त्यांना जुन्या सुईणींबद्दल काहीतरी, काहीही, वाचायचं होतं. मी त्यांना स्त्रियांच्या इतिहासाच्या फळीकडे पाठवलं. त्या दोन तास बसल्या, आभार मानून गेल्या. दीडेक वर्षानंतर दुसऱ्याच कुणासाठी सरकारी दवाखान्यांचे वार्षिक अहवाल चाळताना मला सुईणींच्या प्रशिक्षणावरचे परिच्छेद दिसू लागले: किती आल्या, किती टिकल्या, पगार किती, डॉक्टरसाहेब त्यांच्यावर का वैतागले. त्या बाईंचा पत्ता मी घेतलेला नव्हता. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक वही असायची, आणि रिकाम्या हाताने जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव-पत्ता त्यात उतरत असे.

टाउन हॉलमधला संग्रह इतका मिसळलेला का आहे, हे कळलं तर शोधणं सोपं जातं. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली. तिचीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. सभासद कोण, तर कंपनीचे डॉक्टर, फौजेतले इंजिनिअर, न्यायाधीश, पाद्री. भारतीयांना सुरुवातीला प्रवेशच नव्हता. माणेकजी कर्सेटजी १८४० साली आत आले, तेही आधी एकदा नकार पचवून. या मंडळींना ‘माझा विषय’ नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. सकाळी रोगी बघायचा, दुपारी दगडाचा नमुना गोळा करायचा, रविवारी शिलालेखाचा ठसा घ्यायचा. मग १८७३ साली बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी यात विलीन झाली, ती नकाशे आणि समुद्रप्रवासांची वर्णनं घेऊन आली. १८९६ साली अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी आली, ती जातीपाती, सणवार, अंधश्रद्धा, नजर लागणे वगैरे लेख घेऊन. म्हणजे ज्या वर्षी मांडवीत उंदीर मरायला लागले आणि प्लेग सुरू झाला, त्याच वर्षी लोकसमजुतींवरचं एवढं लेखन या छपराखाली आलं. योगायोगच, पण तुमच्या कामाचा.

तेव्हाच्या माणसाच्या डोक्यात हे कप्पे नव्हते याचं घरचं उदाहरण म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण तेच ताम्रपट आणि शिलालेख वाचून सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख देत होते, आणि तेच कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही पाहत होते. त्यांना कुठल्या फळीवर ठेवणार?

वेधशाळेचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करतो. तुमच्या पणजोबांशी त्याचा थेट संबंध नाही, पण असे आकड्यांचे ग्रंथ वाचायचे कसे, हे मला त्यातूनच उमगलं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती मुख्यतः बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाची जागा डोळ्यांनी वाचायची आणि वहीत उतरायची. ठरलेल्या तासाला, रात्रंदिवस. आणि चुंबक अस्वस्थ झाला की त्याहून कमी अंतराने. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते तेव्हा त्यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे नावाचा पोरसवदा मुलगा कामाला होता. तेच पुढचे गणिती केरूनाना. या वह्यांचे छापील ग्रंथ झाले. ते आकड्यांनी गच्च भरलेले आहेत, एकही वाक्य सरळ नाही. ग्रंथालयात जागेची टंचाई झाली की रद्दीत काढायच्या यादीत असले ग्रंथ पहिले असतात.

१८५९च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत जगभर मोठं सौरवादळ झालं, तारयंत्रं बिघडली. त्या दिवशी कुलाब्यात रोजच्यासारखी माणसं बसली होती आणि त्यांनी चुंबकाची उडी उतरून ठेवली: चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (हे त्या क्षेत्राचं माप) घसरण. १४४ वर्षांनी, २००३ साली, हेच जुने आकडे वापरून शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद नव्याने मांडली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सूर्यापासून किती धोका आहे हे ठरवताना कुलाब्याचा तो दिवस अजून काढला जातो. वेळ जहाजांसाठी, मोजमाप चुंबकत्वासाठी आणि उपयोग उपग्रहांसाठी. लिहिणाऱ्याला काय ठाऊक?

उलट बाजूने बघा. १९०४ साली ही चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबक बिघडला असता. तिथली इमारत लोखंड न वापरता बांधली. शास्त्रज्ञाला यात चुंबक दिसतो, मला त्यात शहर वाढताना दिसतं. नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांची नेमणूक १८९६ सालची. पुन्हा तेच वर्ष.

आता तुमचे अहवाल.

मी सरकारी अहवाल शेवटाकडून वाचतो. पुढची पन्नास-साठ पानं म्हणजे साहेबाला जगाला जे सांगायचं होतं ते: आम्ही काय केलं, किती झटलो. परिशिष्टं म्हणजे त्याला जे जोडावंच लागलं ते. तुम्ही पाहिलेल्यांपैकी एक जनरल गेटेकरांचा असणार, ते १८९७च्या मार्चपासून मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्ष होते. दुसरा पालिका आयुक्त स्नो यांचा. हे दोन शेजारी ठेवून वाचा. एक फौजी माणूस आहे, त्याला मोहीम दाखवायची आहे. दुसरा पालिकेचा, त्याला आपण आधीच किती केलं होतं ते दाखवायचंय. दोघांच्या सांध्यात जिथे फट पडते, तिथून चाळीतली माणसं दिसतात.

मांडवी तर या सगळ्याचं उगमस्थान. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिथल्या रोग्यांत हा गाठीचा ताप ओळखला. मूळचे गोव्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे, पालिकेचे सदस्य. (मेट्रो सिनेमाजवळ धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे, बसमधून रोज बघतो आपण, नाव कुणी वाचत नाही.) धान्याच्या वखारी, त्यात उंदीर, आणि वखारीवर झोपणारे हमाल, हा तिढा त्या अहवालांत पहिल्या पानापासून आहे, पण उंदीर आणि पिसूचं नातं तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं. पिसूचा पुरावा पॉल-लुई सिमाँने १८९८ साली कराचीत दिला. तोवर दोष ओलीला, गटारांना, अंधाऱ्या खोल्यांना आणि तिथे राहणाऱ्यांच्या ‘सवयींना’. हे चुकीचं विज्ञान तुमच्या फार कामाचं आहे. दोष घराला दिला म्हणून घरांची तपासणी झाली, आणि तपासणी झाली म्हणून कुठल्या गल्लीत खोली कशी, खिडकी किती, मोरी कुठे, एका खोलीत माणसं किती हे कागदावर आलं. उंदराला आधीच पकडलं असतं तर तुमच्या पणजोबांच्या गल्लीचं वर्णन कुणी लिहिलंच नसतं.

राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवत, म्हणजे माणसांच्या वस्तीला नालायक. पुढे १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्या सुरुवातीच्या योजनांत मांडवी-कोळीवाडा होता. ट्रस्टने जागा घेतली म्हणजे मोजली, मालक लिहिला, भरपाई ठरवली. हाही तुमच्यासाठी कामाचा कागद, पण तो प्लेगच्या नावाखाली नाही, वास्तुरचना किंवा नगररचनेच्या फळीवर मिळेल.

आता ‘ताप’. तुमच्या घरात ‘प्लेगने गेले’ असं न म्हणता ‘तापाने गेले’ म्हणतात, यावर मी थांबलो. प्लेग म्हटलं की रोगी इस्पितळात, घरची माणसं विलगीकरणाच्या छावणीत, कपडे-अंथरूण जाळायला, घर चुन्याने धुवायला. आर्थर रोडच्या इस्पितळावर २९ ऑक्टोबर १८९६ला गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, तो उगाच नाही. आत गेलेला माणूस परत येत नाही अशीच लोकांची खात्री होती. त्यामुळे घरची माणसं आजार लपवत, आणि मृत्यू दुसऱ्या कारणाखाली नोंदवला जाई. आरोग्य अधिकारी डॉ. वेअर यांच्या खात्याचे आठवड्याचे मृत्यूचे आकडे कारणांसकट छापलेले आहेत. तिथे फक्त प्लेगचा रकाना पाहू नका. त्याच आठवड्यातले सर्व कारणांचे एकूण मृत्यू घ्या, आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. एरवीपेक्षा जास्तीचे जे आहेत त्यातला मोठा हिस्सा प्लेगचा, मग रकान्यात ताप लिहिलेलं असो की छातीचा विकार. तुमच्या पणजोबांना नेमकं काय झालं होतं ते यातून सिद्ध होणार नाही. पण घरातला तो एक शब्द कुठून आला असेल, ते कळेल.

याच अहवालांत जातवार आणि धर्मवार निघालेल्या खाजगी इस्पितळांची माहिती आहे: पारशांचं, खोजांचं, भाटियांचं, जैनांचं आणि आणखी बऱ्याच समाजांचं. सरकारी इस्पितळाला विरोध करणाऱ्या लोकांनी स्वतःचं इस्पितळ मात्र पैसे काढून चालवलं. कुणाकडे पैसा होता, कुणाकडे पुढारी होता आणि कुणाकडे यातलं काहीच नव्हतं, याचा एवढा स्पष्ट तक्ता मी समाजशास्त्राच्या पुस्तकातही पाहिलेला नाही. कोकणातून आलेला वखारीतला माणूस यात कुठे बसतो ते शोधा. बहुधा बसत नाही, आणि तीही माहितीच आहे.

लस हा या सगळ्यात सर्वांत ‘शुद्ध विज्ञान’ वाटणारा भाग, म्हणून इतिहासवाले तिथे जातच नाहीत. ती तयार करणारे वाल्डेमार हाफकिन १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना तोकडी जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ला त्यांनी स्वतःला टोचून घेतलं, महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. आता लस चालते हे सिद्ध करायचं तर टोचलेले आणि न टोचलेले एकाच परिस्थितीत राहणारे हवेत. एकाच परिस्थितीत कोण राहतं? एका घरातली माणसं. म्हणून १८९८च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना टोचलं आणि पुढे कुणाला प्लेग झाला ते घरागणिक लिहिलं. प्रयोगाच्या गरजेपोटी एका गावाचं कुटुंबवार टिपण तयार झालं. खोजा समाजाचे आकडेही असेच आहेत. त्यांचे धर्मगुरू तरुण आगाखान यांनी स्वतः टोचून घेतलं आणि मागोमाग हजारो आले. लोणावळा, खडकी, दमण इथलेही आकडे आहेत. हे वाचताना लसीचा निकाल सोडून द्या आणि घरं मोजा.

प्लेग म्हटलं की आपली गाडी पुण्याला रँड आणि चापेकरांपाशी जाऊन थांबते. त्यावर लिहायला लोक आहेत, मी काही लिहीत नाही. पण त्यामुळे मुंबईचा हा सगळा पसारा अर्धवट वाचलेला राहिला, ही माझी जुनी तक्रार आहे. नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ला मुंबईत प्लेगनेच गेले. गिरणी कामगारांचा पहिला मोठा पुढारी, ‘दीनबंधु’चा संपादक. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई. तुमचे पणजोबा याच आठवड्यांतले.

मराठी बाजू कुठे मिळेल? ‘दीनबंधु’, ‘इंदुप्रकाश’, ‘ज्ञानोदय’, ‘केसरी’ यांचे अंक विखुरलेले आहेत, सलग सगळे एका ठिकाणी मिळतील अशी आशा धरू नका. पण एक आडवाट आहे. सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा गुप्तपणे छापून अधिकाऱ्यांना वाटत असे. नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट म्हणतात त्याला. हेतू पाळतीचा, पण जे अंक आज कुठेच उरलेले नाहीत त्यांचा मजकूर निदान भाषांतरात तिथे टिकला. शिवाय वृत्तपत्रांच्या यादीत संपादकाचं नाव, जात, वय आणि खप दिलेला असतो. पाळत ठेवणाऱ्याइतकी बारीक नोंद प्रेमाने कुणी ठेवत नाही. भाषांतरावर मात्र डोळे झाकून विश्वास टाकू नका; उपहास त्यात हटकून मरतो.

फोटोही आहेत. कॅप्टन मॉस यांच्या संग्रहाचे अल्बम लंडनच्या वेलकम संग्रहाने इंटरनेटवर खुले ठेवलेत: चुना मारणारी माणसं, छावण्या, इस्पितळातल्या खाटा. ते काढले गेले कामगिरी दाखवायला. म्हणून मधल्या साहेबाकडे कमी आणि कडेला उभ्या असलेल्यांकडे जास्त बघा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संच संपूर्ण शब्दशोधासह ठेवलाय, त्यात प्लेगचं बरंच आहे. म्हणजे टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढण्याआधी घरीच निम्मं काम होतं. एशियाटिकचं स्वतःचं ‘ग्रंथ संजीवनी’ आहेच. माझे गुडघे गेल्यावर मला या गोष्टींची किंमत कळली.

शोधताना जुनी नावं वापरा. आज आपण म्हणतो ते नाव तेव्हाच्या इंग्रजीत तसं नसतं. लोणावळ्याला ते ‘लानोली’ लिहीत, खडकीला ‘किर्की’, दमणला ‘दमाऊन’. आडनावाने शोधू नका, ती इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेली असतात किंवा नसतातच. गल्ली, वखार, बंदर, बोट यांवरून शोधा. तुमच्या बाबतीत ती बोट फार मोलाची आहे. मुंबईतून निघणाऱ्या रेल्वेच्या आणि समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होत असे. त्या साथीत शहराची जवळपास निम्मी वस्ती पळाली होती असा तेव्हाचा अंदाज. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ला ती ७,७६,००६ भरली; दहा वर्षांत वाढायचं सोडून घटली. पणजी त्या लोंढ्यातली एक. बंदरावरच्या तपासणीचे नियम, त्यावरच्या तक्रारी, रत्नागिरी जिल्ह्यात पोचल्यावर काय होई, हा पत्रव्यवहार टाउन हॉलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जावं लागेल. तिथे मागायचं ते ‘जनरल डिपार्टमेंट (प्लेग)’ असं. नुसतं ‘प्लेग’ म्हटलंत तर समोरचा तुम्हाला पुन्हा छापील अहवालच देईल. अर्ज, विनंत्या, गाऱ्हाणी तिथे आहेत. छापील अहवाल म्हणजे शिजवून वाढलेलं, हे म्हणजे कोठीघर.

हे सगळं कितपत जमेल ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. एक, घरात कुठलाही कागद आहे का: पावती, मनीऑर्डरचा तुकडा, मोडीतलं पत्र. मोडी असेल तर घाबरू नका, वाचून देणारे आजही भेटतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. दोन, तुमची जात किंवा समाज. ज्या समाजांनी स्वतःच्या संस्था काढल्या त्यांच्याकडे नावनिशीच्या नोंदी मिळण्याची शक्यता जास्त. तीन, तुमच्याकडे वेळ किती. एका शनिवारात हे होणार नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. नाव बहुधा सापडणार नाही. माझ्याकडे असे पूर्वज शोधायला आलेल्यांपैकी फार थोड्यांना नाव मिळालं. पुष्कळांना गल्ली मिळाली, कामाचा दर मिळाला, त्या आठवड्यात शेजारच्या चाळीत काय चाललं होतं ते मिळालं. काहींना ते पुरेसं वाटलं, काही चिडून गेले. चिडणंही बरोबरच आहे.

ग्रंथालयांकडूनही चुका झाल्यात, त्या लपवण्यात अर्थ नाही. एका ठिकाणी (नाव नको) मी पाहिलंय की जुनी वैद्यकीय मासिकं बांधणीला देताना पुढची-मागची जाहिरातींची पानं काढून टाकली होती, जाडी कमी व्हावी म्हणून. ताकदीची औषधं, जंतुनाशकं, परगावी जायच्या बोटींची वेळापत्रकं, भाड्याची घरं, सगळं रद्दीत. बाइंडरने समासही छाटला, आणि समासात कुणा डॉक्टरने पेन्सिलीने लिहिलेल्या शेऱ्यांचे फक्त शेवट उरले. त्यामुळे एका ग्रंथालयात एक प्रत पाहिली म्हणजे ते मासिक पाहिलं असं धरू नका. दुसरी प्रत दुसरीकडे असेल तर तीही बघा.

आता जाण्यापूर्वीचं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून फोन करून जा. ओळखपत्र आणि जमलं तर एखाद्या प्राध्यापकाचं किंवा संस्थेचं पत्र जवळ ठेवा. नाजूक पुस्तकांची झेरॉक्स देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पेन्सिल न्या, पेन बाहेर ठेवायला लावतील. कागद भुगा होत असेल तर पान स्वतः उलटू नका, काउंटरवरच्या माणसाला बोलवा. त्याला राग येत नाही, उलट तुम्ही त्याच्या मर्जीतले होता आणि मग तो तुम्हाला सूचीत नसलेल्या गोष्टी सांगू लागतो. सूचीपेक्षा तिथे २५ वर्षं पुस्तकं उचलणाऱ्या शिपायाला जास्त ठाऊक असतं, हे मी संदर्भ ग्रंथपाल असूनही लिहून देतो.

माझ्या दृष्टीने क्रम असा ठेवा: आधी घरी बसून स्कॉटलंडच्या संग्रहात ‘मांडवी’ शोधा आणि अहवालांची परिशिष्टं वाचा, मग आठवड्यांचे मृत्यूचे आकडे, मग देशी वृत्तपत्रांचे गोषवारे, १८९७च्या जानेवारी ते मार्चपुरतेच, आणि हे तिन्ही हातात आल्यावरच काळाघोडा. उलट्या क्रमाने गेलात तर तिथल्या बस्त्यांत बुडाल.

एवढं मात्र कळवा: पणजोबा वखारीत नक्की काय करत होते? हमाल, तोलणारे, मुकादम, की मालकाचे कारकून? आणि पणजी राजापूरला उतरली की जैतापूरला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्येला माहीत असण्याचा संभव आहे. आधी तिला विचारून घ्या. अहवाल सव्वाशे वर्षं थांबलेत, ते आणखी चार महिने थांबतील.